तिसऱ्या पायरीवरची भीती

मालवण, आषाढ, १९६३

चि. लवूस काशीरामदादाचे आशीर्वाद.

तुझं पोटाचं दुखणं थांबलं असेल असं धरून चालतो. तू कळवत नाहीस, आणि मुंबईहून येणाऱ्या बातमीवर हल्ली माझा विश्वासही राहिलेला नाही. इकडे सगळे खुशाल. तुझी हौसावहिनीही खुशाल आहे (जरा जास्तच, ते पुढे येईल).

कसालला यष्टी बदलून एक बाई आमच्या वाडीवर आली. नाव प्रेमलताबाई. कॉलेजात माणसांच्या मनाचा अभ्यास करते म्हणे. वैशाखातल्या वादळात ज्यांच्या होड्या उलटल्या (आमची त्यात होतीच), त्यांतले कोण नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रावर जातील आणि कोण घरी बसतील, हे तिला आधीच ओळखायचं होतं. एवढ्यासाठी भर पावसात कोणी येतं का? शेजारच्या गंगारामने मला बाजूला घेतलं. "दादा, सरकार इंजिनाची होडी देतला. धीट कोण नि भित्रो कोण, ता बघूक बाई इल्ली आसा." मला ते तंतोतंत पटलं. बाई पेन्सिलीला टोक करतानासुद्धा आपल्या तोंडाकडे बघायची.

पडवीत बसून तिने आधी वय आणि समुद्रावरची वर्षं विचारली. मग घरात खाणारी तोंडं किती, दुसरा धंदा आहे का. पाण्याची भीती दहापैकी किती वाटते, हे सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, भीती शेवटी का? (फसवायचं असलं की माणूस खरा प्रश्न शेवटीच ठेवतो.) तर म्हणाली, कोण जाईल याचा नुसत्या वयावरून कितपत अंदाज येतो ते पहिल्या पायरीवर बघायचं. घरची परिस्थिती हिशेबात घालून तो किती सुधारतो ते दुसऱ्या. एवढं झाल्यावर भीतीमुळे आणखी काही कळतं का, ते तिसऱ्या पायरीवर. वय वाढेल तशी भीतीही वाढत असली, तर दोघांचं सांगणं थोडं एकच असणार. भीती आधी घातली की ते सामाईक श्रेय तीच घेऊन बसेल. म्हणून क्रम आधी ठरवायचा, मागाहून सोयीने हलवायचा नाही. ऐकायला हे इतकं सरळ होतं की माझा संशय दुणावला.

"भीती? माका? खंयची भीती?" मी म्हटलं आणि शून्य लिहायला लावलं.

दोन दिवसांनी बाई आमच्याकडे जेवायला आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. वाडीतल्या एकूण एक पुरुषाने शून्यच सांगितलं होतं. "सगळ्यांचं उत्तर सारखंच असेल, तर त्यावरून कोण जाईल नि कोण राहील हे ओळखू कशी?" ती म्हणाली. "माझी तिसरी पायरी गेली."

हौसा भात वाढत होती. ती सहज म्हणाली, "आमचे हे झोपेत खाट घट्ट धरून बसतत. वादळापासून गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलेले नाय."

लवू, मी घाईघाईने आणखी भात मागितला. बाईने पेन्सिल काढली नाही. मला म्हणाली, "मला तुमच्या तोंडून हवं. नको असेल तर शून्यच राहू दे." इंजिनाच्या होडीचं विचारलं, तर तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग मी आठ सांगितले. (नऊ होते, पण गंगाराम कुंपणापाशी उभा होता.) त्याने ऐकलंच. संध्याकाळी तो स्वतः जाऊन बाईला सात सांगून आला, आणि मग बाकीचेही एकेक करून गेले.

जाताना मी विचारलं, मग माझं काय, जाणार की राहणार? म्हणाली, आकडेमोड मुंबईला यंत्रावर होईल, पण ती सगळ्यांची मिळून. एकटा माणूस अंदाज खोटा पाडू शकतो. हे तिने धीर द्यायला सांगितलं की अंग काढून घेतलं, ते मला अजून समजलेलं नाही.

तुझा,
काशीरामदादा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. पौर्णिमेनंतर पहिल्या दिवशी होडीत माझ्या शेजारी बसायला ये. तुलाच हौस आली असं वाडीत सांग.

ता. क. दुसरा. हौसाने पत्र वाचलं. म्हणते, "भावजींका रजा कित्याक काढूक लावतास? मी बसतंय." तेव्हा होडीत तुझी गरज नाही. पण रजा काढलीच असलीस तर किनाऱ्यावर उभा राहा. तिला पोहता येत नाही, आणि हे तिने बाईला सांगितलेलं नाही.