डब्याचा निरोप

१ सप्टेंबर २००८, सोमवार

आला! राउटर आला! तांड्याच्या दूध केंद्रात, माझ्या टेबलावर! त्याच्या पोटात सिमकार्ड घातलं, दिवे लागले. टाकीतलं दूध किती थंड आहे ते आता परभणीच्या हापिसात बसल्या बसल्या दिसणार. बेबीबाई दूध घालायला आलेली – "एवढ्याशा डब्यात काय काय बसवून राहिली गं बाई!"

२ सप्टेंबर

दिसत न्हाई. टॉवर गेला की लाइन तुटते, परत जुळली की डब्याला नवा आयपी नंबर, म्हणजे नेटवरचा नवा पत्ता. हापिस जुन्याच नंबरावर शोधत बसतं! हापिसातल्या ओमप्रकाश साहेबांना आज सात वेळा फोन करून नवा नंबर सांगितला. सातव्यांदा चिडले – "संगिताबाई, सोमवारपर्यंत बराबर करा, न्हाईतर टाकी हट्ट्याच्या केंद्रावर हलवतो."

हट्ट्याला! इथल्या बाया किटल्या घेऊन एवढ्या लांब जातील काय? करते म्हणलं. फोन ठेवला अन् डब्याची सेटिंग उघडून बसले.

४ सप्टेंबर

सापडलं!! डब्याच्या सेटिंगमधीच होतं. हापिसानं नंबर न्हाई, एक नाव शोधायचं. त्या नावाचा नवा नंबर डबा स्वतःच नेटवरच्या नोंदवहीला कळवतो. नाव ठेवलं चांदी – आमच्या म्हशीचं. दूध पहाटे येतं, म्हणून कळवायची वेळ लावली रोज पहाटे पाच. हुशार हाये मी!

५ सप्टेंबर

कशाची हुशार. दहाला टॉवर गेला, नंबर बदलला; डबा कळवणार थेट उद्या पहाटे पाचला. चांदी दिवसभर गायब.

६ सप्टेंबर

जेवताना चिडचिड चालू होती. आजोबांनी विचारलं, "काहून गं?" सगळं सांगितलं. त्यांचे बा बैलांवर मीठ लादून मुलूख हिंडलेले. आजोबा म्हणाले, "मुक्काम बदलला की गोण्या उतरवायच्या आधी एक गडी मागं राहिलेल्यांकडे धाडायचे – इथं उतरलो म्हणून. पहाटेची वाट कोण पाहतं?"

ताट तसंच टाकून केंद्रावर पळाले! पहाटेची वेळ काढली, 'लाइन जुळताच कळव' लावलं. मुद्दाम डब्याची विजेची वायर उपसली, परत खोचली. नंबर नवा – अन् चांदी हजर! पाचदा उपसली, पाचदा हजर!

८ सप्टेंबर, सोमवार

चारदा टॉवर गेला. साहेबांचा फोन – "दिसून राहिलं! सारखं दिसून राहिलं!" टाकी इथंच राहणार! बेबीबाईनं माझ्या तोंडात साखर कोंबली.

१२ सप्टेंबर

हापिसाचं पत्र. अजून अकरा केंद्रांवर डबे बसवायचे – मीच. उद्या निघायचं, दर महिन्याला नवं गाव. पिशवी भरत होते, तर आजोबा दारात येऊन उभे.

"उतरली की पयले निरोप धाडजो, बाई. पिशवी सोडायच्या आधी."