विहीणबाईंना 'दाखवा' म्हणताना

जुळे सोलापूर,
अधिक ज्येष्ठ, सोमवार

मैंदर्गी मुक्कामी श्री. मल्लप्पाअण्णांना गोपाळचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा दमा कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, पण त्या खुशालीत मला धरू नये. काल दुपारपासून माझं पोट ठिकाणावर नाही. त्याला अर्धी कारणीभूत भीती आणि अर्धे शेंगदाणे. (कसे ते पुढे येईल.) कचेरीत साहेबांच्या खोलीत जाण्याआधी तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून "हेदरब्याड गोपाळा, भिऊ नको" म्हणायचात, त्याची काल फार आठवण झाली.

अधिक महिना आहे, तेव्हा जावयाला धोंड्याचं जेवण आलंच. इंद्रायणी, हृषीकेश आणि आमची चार वर्षांची नात उर्वी पुण्याहून आली, आणि विहीणबाई उजनीकाठच्या गावाहून आल्या. अंबुबाई तुम्हाला लग्नात दिसल्या होत्या. केळीची बाग एकट्या सांभाळतात, ट्रॅक्टर स्वतः चालवतात, आणि व्यापाऱ्याने भाव पाडला की एक शब्द न बोलता घरात जाऊन दार लावून घेतात. व्यापारी बाहेर उन्हात उभा राहून आपणच भाव वाढवतो. आत त्या झोपलेल्या असतात की दाराला कान लावून बसलेल्या, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मी मुलीचा बाप. लग्न झाल्यापासून मी त्यांना कशालाच 'नाही' म्हटलेलं नाही.

प्रश्न दिवाळीचा होता. इंद्रायणीला यंदा मोजकी सुट्टी आहे, म्हणजे उर्वी एक तर आमच्याकडे येणार नाहीतर तिकडे. गेल्या दोन्ही दिवाळ्या तिकडेच झाल्या. मालतीने दोन वर्षांपूर्वी नातीसाठी आणलेला आकाशकंदील अजून कपाटावर घडी न मोडता आहे. जेवणं झाली, आणि दोघी विहिणी एकमेकींना "तुम्ही म्हणाल तसं" म्हणू लागल्या. असं म्हणायला लागल्या की पुरुषांनी घरातून बाहेर पडावं, पण बाहेर आपलं सोलापूरचं ऊन. हृषीकेशही घाबरला असावा, कारण त्याने घाईने पत्ते काढले. म्हणाला, पोकर खेळू, शेवटी जो उरेल त्याच्याकडे दिवाळी. (तो मोबाईलवर हा खेळ खेळतो. नोकरी चांगली आहे, म्हणून मी बोलत नाही.)

खेळ सोपा आहे, फक्त सहन होत नाही. प्रत्येकाला दोन पानं झाकून, आणि मधे पाच पानं सगळ्यांची उघडी. पैशांऐवजी आम्ही वाटीवाटी भाजलेले शेंगदाणे घेतले. पानं बरी असली तर दाणे लावायचे, नसली तर सोडून द्यायचं. एखाद्याने आपल्यापुढचे सगळेच दाणे लावले, की समोरच्याने एकतर पानं टाकायची, नाहीतर 'दाखवा' म्हणून तितकेच दाणे लावायचे. आणि नुसतं गप्प बसून चालत नाही, कारण दर डावाला थोडे दाणे भरावेच लागतात आणि ते वाढत जातात. भित्र्या माणसाला हळूहळू सोलतात म्हणा ना.

मी पानं टाकत राहिलो. इंद्रायणी गेली, मालती गेली. हृषीकेशची पानं एकदा माझ्या पानांवर येऊन फुटली आणि त्याचे सगळे दाणे मला मिळाले. (मी त्याची माफी मागितली. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण.) उरलो मी आणि विहीणबाई, दोघांचे ढीग सारखे. आणि अण्णा, त्या बाईंनी दर डावाला सगळा ढीग पुढे ढकलायला सुरुवात केली. पानं बघायच्या आणि ढकलायच्या, चेहऱ्यावर काही नाही. तेच ते लावलेलं दार. हृषीकेश मला म्हणाला, "पप्पा, दर डावाला कुणाकडे भारी पानं नसतात. कधीतरी दाखवा म्हणावंच लागेल." मालती कानाशी म्हणाली, "वरमाईला दाखवा म्हणायचं? म्हणजे चारचौघांत खोटं पाडायचं. पोरगी तिथं नांदतेय आपली." मी दोघांनाही बरोबर आहे म्हणालो.

शेवटी मला एक्का आला, जोडीला नव्वी. विहीणबाईंनी ढीग ढकलला. मी कपाटावरच्या कंदिलाकडे पाहिलं, मालतीकडे पाहिलं नाही, आणि "दाखवा" म्हणालो. माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही. त्यांनी पानं उलटली. दुर्री आणि सत्ती. याहून वाईट पानं या खेळात नसतात म्हणे. मधल्या पाच पानांत दोघांचंही काही जुळलं नाही, आणि माझा एक्का जिंकला.

आता संपायला हवं होतं. पण जितके दाणे माझ्यापुढे, तितकेच त्यांचे मला मिळणार, आणि त्यांच्या ढिगात मूठभर उरले. सोडलेल्या डावांत गेलेले माझे चार-दोन दाणे वगळले, तर ढीग सारखे होते. सगळे माझ्याकडे बघू लागले. विहीणबाईंनी माझ्या मांडीवरचा लालसर फोलपटांचा सडा पाहिला.

"इवाईबुवा, तुमी दाणं खाल्लं व्हय?"

खाल्ले होते. भीती वाटली की माझा हात तोंडाकडे जातो, आणि समोर आपले भाजलेले दाणे. मी दिवाळीतली एक मूठ गिळून बसलो होतो.

त्या उठून पाणी प्यायला गेल्या. ते पाणी पिणं फार वेळ चाललं. मी मनात इंद्रायणीचा उरलेला जन्मभराचा सासुरवास पाहून घेतला. मग त्या आल्या, मांडी घातली, म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा आडवं आलात की. मला वाटलं हुतं, या घरात बोलतं मानूसच न्हाय." आणि ती मूठ पुढे ढकलली. "आता म्हना की दाखवा."

माझ्याकडचं धैर्य एका वेळेपुरतंच होतं. मी पानं टाकली. पुढच्या डावालाही टाकली. त्या मुठीचा त्यांनी परत ढीग केला, आणि माझ्या ढिगाची मूठ होऊन तीही गेली. पानंच साधारण येत होती, त्याला कोण काय करणार. दिवाळी तिकडे. मालती तेव्हापासून माझ्याशी जेवणापुरतं बोलते.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावत जा.

तुमचा
गोपाळ

ता. क. निघताना विहीणबाई म्हणाल्या, "उर्वी येनार म्हंजी तुमी दोगं बी यायचं. तो कंदील घिऊन या, आन् पत्त्याला बसायचं. डावाला उन्हाळ्याची सुट्टी लावू." मालतीने बॅग आत्ताच काढली आहे. मी नाही म्हणू शकलो नाही.

आणखी एक. शेवटच्या डावाला माझ्याकडे दोन राजे होते, म्हणजे भारीच पानं, आणि मी ती टाकली. हे मालतीला कळता कामा नये.

आणि ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. तुमच्या दारच्या चिंचेचे पायलीभर चिंचोके दिवाळीआधी कुणाबरोबर तरी पाठवा, दाण्यांऐवजी लावायला. कच्चेच पाठवा. वहिनींना भाजू देऊ नका, भाजलेले मी खातो.