दंडावरचा फोड

चि. समिधा,

तू बाळाला घेऊन पेणला माहेरी गेलीस, त्याचा राग नाही. सासऱ्याच्या उशाशी टीबीच्या गोळ्या दिसल्यावर कुठलीही आई गेली असती. भाईंदरच्या या दोन खोल्यांत त्याला माझ्यापासून लांब ठेवणार तरी कुठे?

पण डॉक्टर म्हणतात, माझ्यापासून कोणाला काही लागायचं नाही. तुम्हाला मी मूतखडा सांगितला, तो मूत्राशयाचा कॅन्सर होता. त्यावर बीसीजीची लस नळीने थेट मूत्राशयात सोडतात. तिच्यातले टीबीच्या जातीचे, पण नरम केलेले जिवंत जंतू कॅन्सरशी झुंजतात. माझ्यात ते अंगभर पसरले, म्हणून ताप आणि या गोळ्या. लस घेऊन आलो की मी संडासात ब्लीच ओतायचो, तेही लघवीतून पडणारे हे जंतू मरावेत म्हणूनच. तू हसायचीस, "बाबा, सोसायटीचं कंत्राट घेतलंय का?"

बाळाला जन्मल्यावर हीच लस दिली होती. त्याच्या दंडावर फोड आला तेव्हा तू रडलीस. मीच म्हणालो, "अगं, लस लागू पडली."

तुझी सासू म्हणते, "खरं सांगा, पोर लगेच येईल." येशील, माहीत आहे. पण तुझे वडील, अण्णा, कॅन्सरने गेले, त्यांचं सगळं तूच केलंस. दारातूनच तू माझ्याकडे तसं बघशील. त्यापेक्षा टीबीला घाबरून राहा. टीबी बरा होतो.

हे पत्र टाकत नाही. बाळाच्या दंडावरचा फोड सुकला का, एवढंच हिला फोनवर विचारायला लावतो.

बाबा