तुझ्या भाडेकरारातला माझा नंबर

ए शहाणे,

कॉलेज सोडल्यापासून मी गेटसमोरच्या टायपिंगच्या दुकानात पोरापोरींचे भाडेकरार तयार करतो. इथे जुनाच करार काढून तारखा तेवढ्या बदलतात. काल तुझी मैत्रीण तुझे कागद घेऊन आली. तुझा गेल्या वर्षीचा करार उघडला, तर 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' या ओळीत माझं नाव आणि नंबर!

"हे खोडायचं राहिलंय, तिला दाखव," मी म्हटलं.

"तूच दाखव की."

"माझा काय संबंध?"

"मग कान का लाल झालेत?"

आज तपासलेली प्रत परत आली. तू घरमालकाचं आडनाव सुधारलंस, खोलीतल्या सामानाच्या यादीत दोन पंख्यांचा एक केलास. माझ्या ओळीला मात्र हात लावला नाहीस. उलट शेजारी बरोबरची बारीक खूण केलीस.

आपल्या भांडणानंतर, दोन महिन्यांपूर्वी, रागाच्या भरात मी त्या नंबरचं सिमकार्डच मोडून टाकलं होतं. दुकानवाले काका म्हणाले, "नवा नंबर टाक ना, बैलोबा!" पण मग तुला कळलं असतं, की मधल्या काळात तू फोन केला असतास तरी लागला नसता.

म्हणून दीड तास रांगेत उभा राहिलो, कोणाशीही न भांडता, आणि तोच नंबर पुन्हा सुरू करून आणला.

हे पत्र तुला देणार नाही. करार तेवढा मैत्रिणीकडे देतोय, सही कर. तुला अडचण कधी येऊ नये. आलीच, तर फोन लागेल.

तूच नाव ठेवलेला,
भडकू