शाळेपुढचा थांबा

३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

स्वेटर पोचला. बाह्या माझ्या हातांपेक्षा चार बोटं लांब आहेत. या वयात मी अजून वाढेन अशी तुला आशा दिसते!

आता कामाचं. फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय. डेपो मॅनेजर मला मनाच्या तपासणीला पाठवतायत. गुन्हा काय, तर शाळेपुढच्या थांब्यावर मी रोज सव्वाबाराला बस थांबवतो, दार उघडतो आणि दोन मिनिटं तसाच बसून राहतो. थांब्यावर कुणी असो-नसो. ही माझा डबा घेऊन तिथेच चढायची, तुला ठाऊक आहेच. तिला जाऊन अकरा महिने झाले, हे मला कळतं गं. पण पाय ब्रेकवर जातोच. कंडक्टरने बरेच दिवस सांभाळून घेतलं, शेवटी प्रवाशांनी तक्रार केली.

तूही एकदा अशा तपासणीला गेली होतीस, असं भावजी मागे बोलून गेले. तिथे काय विचारतात? वेडा ठरवतात का? माझा बिल्ला काढून घेतला तर दिवसभर करू काय? घरात दोन खुर्च्या आहेत आणि दोन्हींकडे बघवत नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
भोंपू


९ मार्च

चि. भोंपूस,
अनेक आशीर्वाद.

बाह्या मुद्दाम लांब ठेवल्यात. लोकर धुतल्यावर आटते, शहाण्या.

तुझ्या भावजींच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! हो, गेले होते. लेक दूर गेली त्या वर्षी मी शिलाईयंत्रापुढे तासन्‌तास नुसती बसून राहायचे. तुला कळवलं नाही, वाटलं तू हसशील. चुकलंच माझं.

तर ऐक. सुई नाही, यंत्र नाही. एक खोली, टेबल आणि एक कागद. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी, कशात मन लागतं का, जगणं नको वाटतं का, असं विचारतात. प्रत्येकापुढे अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज, यांतल्या एकावर खूण करायची. मग समोरची व्यक्ती तुझ्याशी बोलेल. त्या कागदावरून कुणी वेडा ठरत नाही रे. पुढे नीट बघायला हवं का, एवढंच कळतं. बिल्ल्याचं मला ठाऊक नाही, खोटं कशाला सांगू? ऑफिसला काय कळवणार, हे तिथे आधीच विचारून घे.

एकच कर, खरं लिही. सहल बुडू नये म्हणून तू तापात थर्मामीटर गार पाण्यात बुडवायचास, ते मी विसरलेले नाही.

जेवत जा. इकडून दोघांची माया.
तुझी,
ताई


१७ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. आधी कान पकडतो. आम्हा ड्रायव्हरांत एक वाईट खोड आहे: डोळे तपासून आलेला तक्त्यावरची अक्षरं सांगतो आणि मागचे ती पाठ करून जातात. मी इथेही तेच केलं. आधी जाऊन आलेल्या एका दोस्ताला गाठलं. तो म्हणाला, सगळ्या खुणा पहिल्या रकान्यात कर, पाच मिनिटांत सुटशील. केल्या.

तिथल्या बाईंनी कागद पाहिला. रागावल्या नाहीत. तुमच्या बसचे थांबे क्रमाने सांगा, म्हणाल्या. हा तर माझ्या हातचा मळ! डेपो, स्टेशन, बाजार, दवाखाना, पाण्याची टाकी, आणि पुढे तोंडून शब्दच फुटेना. ढसाढसा रडलो गं ताई, या वयात, परक्या बाईपुढे. त्यांनी घाई केली नाही. मग कोरा कागद पुढे सरकवला.

या वेळी खरं लिहिलं. झोप लागत नाही, त्यापुढे जवळजवळ रोज. जगणं नको वाटतं, त्यापुढे काही दिवस. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का, असंही त्यांनी सरळ विचारलं. नाही म्हणालो, आणि ते खरं आहे. मला फक्त ती हवी आहे.

आता डॉक्टरांना भेटायचं आणि दर गुरुवारी या बाईंकडे बोलायला जायचं. ऑफिसला एवढंच कळवलंय की महिनाभर गाडी नको. तेव्हा मी चौकशीच्या खिडकीत बसतो. बिल्ला माझ्याच कपाटात आहे. पण सव्वाबारा वाजले की जीव कासावीस होतो. आज ती आलीच असेल आणि बस न थांबता गेली असेल, असं वाटत राहतं.

रागावू नकोस. माझ्यावर जीव असू दे.
भोंपू


२१ मार्च

चि. भोंपूस,
पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि यंत्र बंद करून ह्यांना हाक मारली. कसली रागावतेय! लिहिलंस, फार बरं केलंस. पण पुन्हा जगणं नको वाटलं तर गुरुवारची वाट बघायची नाही. त्या बाईंना आणि मला लगेच फोन करायचा. माझी शपथ आहे.

आता माझंही खरं ऐक. लोकर आटते ही थाप होती. तुझ्या हाताचं माप मी विसरले रे. सहा वर्षं झाली तुला पाहून. ती गेली तेव्हा माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता, पुढे यायचं राहून गेलं, आणि मी नुसती खुशालीची पत्रं पाठवत बसले. मला तुझी फार आठवण येते.

शुक्रवारी येतेय. स्टेशनवरून तुझीच बस धरेन. मॅनेजरांकडून तासाभराची सुटी माग आणि सव्वाबाराला शाळेपुढच्या थांब्यावर उभा राहा. कंडक्टरला सांगून ठेव, बस थांबवायची आणि दार उघडायचं. मी उतरेन. डबा आणते.

बाकी भेटीत.
तुझी,
ताई

ता. क. स्वेटर घालून ये. माप घ्यायचंय.