दाराची नवी बेल

ताई,

आधी दाराला आतून कडी घाल, मग वाच.

तुझ्या जुन्या घरून आलेल्या खोक्यात ती कॅमेऱ्याची बेल सापडली. म्हटलं, तू यायच्या आत बसवून टाकावी. कसलं काय! सकाळभर त्या मेलीशी झटापट. वाय-फाय धरेना. धरलं तर ॲप म्हणे, बेल आधीच कुणाच्या तरी फोनला जोडलेली आहे. मी दुर्लक्ष केलं. मग पट्टी भिंतीवर सरळ बसेना. वैतागून ओरडले, "मसणात जा!" तर बेलमधूनच कुणीतरी शांतपणे म्हणालं, "खालचा स्क्रू सैल कर, आधी वरचा लाव." वाटलं, कंपनीचा माणूस असेल. तसं केलं आणि बसली की! मी थँक्यूसुद्धा म्हटलं.

"समोरच औषधांचं दुकान," आवाज म्हणाला. "छान सोय झाली तुम्हा दोघींची."

तेव्हा ओळखलं. भाऊजी! ज्यांना हा पत्ता कळू नये म्हणून इतकी धडपड केली, तेच.

बेल उचकटून बादलीत बुडवली आहे. तुझा फोनही त्यांनीच चालू करून दिलेला, म्हणून फोन न करता लिहितेय. तो बंद कर.

मी तुझ्या छोटीला शाळेतून घेऊन थेट आत्याकडे जातेय. तूही तिकडेच ये, पण एकटी नको. शेजारच्या काकांना सोबत घे. दार वाजलं तर उघडू नकोस.

आत्ता खिडकीतून पाहिलं. दुकानाच्या पाटीवर नावाखाली पूर्ण पत्ता लिहिलाय.