ढवळीचं तेल आणि आत्याचा मान

श्री
निपाणी, ८ जानेवारी

चि. दिगू यास मंगलआक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भाग्यलक्ष्मी लेकीला घेऊन तिच्या माहेराहून, गुंजीहून शहापूरला आली, दोघी ठणठणीत आहेत, हे वाचून जीव भांड्यात पडला. पोरीचं नाक आपल्या आप्पांवर गेलंय म्हणतोस. कौतुकानं लिहिलं असशील, पण बिचारीनं अजून तुझं काय वाकडं केलंय रं?

आठ फेब्रुवारीच्या बारशाला आत्या म्हणून मी यायला पाहिजे, हे मान्य. पण बसनं येणार नाही. आप्पांच्या जुन्या मोटारीतनं, आपल्या ढवळीतनं मी सासरी आले, माहेरीही तिच्यातनंच येणार. आणि ती गळता कामा नये. भाऊबीजेला तू ती आमच्या नव्या फरशीवर उभी केलीस, त्याचा काळा डाग अजून आहे. तुझ्या दाजींनी सोडा लावला, लिंबू चोळलं, डाग हसतोय तसाच. सासूबाई आल्यागेल्याला तो दाखवतात आणि ही आमच्या सुनेच्या माहेरची खूण म्हणून सांगतात. परत जाताना संकेश्वरजवळ गाडीनं केवढा धूर काढला, तेही तूच सांगितलंस. जमत नसेल तर आपल्या चुलतभावाची, नागेंद्राची बहीण करिष्मा आहे की तिथं. तीही आत्याच.

फोन करू नकोस. तू दिलेल्या नव्या फोनमध्येही नुसती खरखर आहे. पत्रच बरं.

सगळ्यांना सांभाळून रहा. माया आहे, ती गळत नाही.

तुझी,
मंगलआक्का


श्री
शहापूर, बेळगाव, १४ जानेवारी, संक्रांत

ती. आक्कास दिगूचा शि. सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. खा आणि निदान आजच्या दिवस तरी गोड बोल.

ढवळी पिरनवाडीच्या रवळू मिस्त्रीकडं नेली होती. थेंब इंजिनाच्या खालच्या चेंबरवरनं पडतो, म्हणून त्यानं चेंबरचं पॅकिंग बदललं. दोन दिवसांनी पुन्हा गळती. पुन्हा बदललं, बोल्ट जीव खाऊन आवळले. आता गाडीखाली पुठ्ठा ठेवलाय आणि रोज सकाळी चहाच्या आधी मी तो बघायला जातो. भाग्यलक्ष्मी म्हणते की लेकीचं दुपटंसुद्धा मी एवढ्या काळजीनं बघत नाही. रवळूचं आता असं मत पडलंय की सगळं इंजिन उतरवावं, नाहीतर गाडी भंगारात द्यावी. इंजिन उतरवलं तर बारशापर्यंत काही बसत नाही.

पण आक्का, करिष्माचं नाव पुन्हा काढू नकोस. ती गुणी आहे, पण माझ्या लेकीच्या कानात नाव तूच सांगायचंस. पाळण्यापाशी मी ते आधी तुझ्या कानात सांगणार, मग तू तिच्या. तोवर कुणाला कळू देणार नाही. तू आली नाहीस तर पोरगी बिननावाची राहील आणि शाळेत मास्तर तिला अगं म्हणून हाक मारतील.

फोन मी दुकानात दाखवूनच दिला होता. तिथं तर स्वच्छ ऐकू येत होतं.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
दिगू


श्री
निपाणी, १९ जानेवारी

चि. दिगू यास आशीर्वाद.

तिळगूळ कडक होता, तुझ्यासारखाच. सासूबाईंनी कवळी काढून चोखला.

दोनदा पॅकिंग बदललं आणि तिसऱ्यांदा भंगार! आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. अरे, आपल्या जुन्या घरात चुलीवर ठिबकायचं, आणि आप्पांना फुटकं कौल सापडलं कुठं, तर पार देवघरावर. पाणी वाशावरनं वाट काढत चुलीपर्यंत यायचं. तेल काय वेगळं वागणार? जिथं टपकतं तिथं भोक असतंच असं नाही. आधी इंजिन लख्ख पुसून काढा. मग साडीवर मागाचं तेल उडालं की आपण पावडर टाकायचो ना, तशी त्याच्यावर टाका, गाडी जराशी फिरवा, आणि ओल कुठनं सुरू होते ते बघा.

नावाचं म्हणशील तर तेवढं माझ्यावर नको. नागेंद्राच्या मुलीचं बारसं विसरलास? थोरली आत्या म्हणून मला नाव सांगितलं ईरा, आणि मी पोरीच्या कानात ठणकावून हिरा म्हणून मोकळी झाले. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले आणि हसून हसून लोळल्या. पोरीला अजून सगळे हिराच म्हणतात. मीही हसले होते. पण पुन्हा नको रं बाबा.

बाळाची दृष्ट काढत जा. माझ्यावर राग धरू नकोस, एवढंच मागणं.

मंगलआक्का


श्री
शहापूर, २७ जानेवारी

ती. आक्कास दिगूचा साष्टांग नमस्कार, आणि रवळू मिस्त्रीचाही.

इंजिन पुसलं. पावडर म्हणून हाताला लागला तो लेकीचाच डबा, आणि तो निम्मा संपवल्याबद्दल भाग्यलक्ष्मीनं जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ढवळी पिरनवाडीला जाऊन आली, बॉनेट उघडलं, तर खालचं चेंबर कोरडं! ओल सुरू होत होती पार वर, इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. तिथनं तेल इंजिनाच्या पाठीवरनं चोरासारखं खाली उतरून चेंबरवरनं ठिबकत होतं. रवळूनं कपाळावर हात मारला.

वरचं पॅकिंग तर बदललंच. पण ते खराब कशानं झालं, हेही सापडलं. इंजिनाचा कोंडलेला वारा ज्यातनं बाहेर पडतो तो पाइप बोळा कोंबल्यासारखा गच्च होता. गाडी इतकी वर्षं आपल्या यंत्रमागांच्या शेडला लागून उभी, सुताचा केर आत जाऊन बसलेला. वाऱ्याला वाट मिळेना, म्हणून तो तेलाला बाहेर ढकलत होता. पाइप साफ केला. तेव्हापासून पुठ्ठा रोज कोरडा. मला आता सकाळी काय करावं सुचत नाही.

आक्का, मग एक दिवस त्या शेडमध्ये उभा राहिलो. माग चालू होते. शेजारी उभा राहून नागेंद्र काय बोलतोय ते मला कळेना. आणि एकदम लक्षात आलं. दहावीनंतर लग्न होईपर्यंत तू याच खडखडाटात आप्पांच्या जोडीनं उभी होतीस, म्हणून मी कॉलेज बघितलं. तुझे फोन मी दोनदा बदलले, रवळूनं चेंबरचं पॅकिंग बदललं तसे. हिराच्या बारशापासून तू माहेरी आलीच नाहीस. कधी गुडघा आडवा आला, कधी फरशी. मी सगळ्यावर विश्वास ठेवत गेलो. मला लई वाईट वाटलं.

इथल्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. मागावरच्या पुष्कळ माणसांचं असं होतं, यंत्र लावलं की बरंच ऐकू येतं, म्हणाले. ते बारशानंतर बघू. तोवर पाळण्यापाशी तुला काही ऐकायला लागणारच नाही. नाव इथंच लिहितो.

वेदिका.

वेडी का, असं वाचू नकोस. बारशाच्या आधीच्या शनिवारी सकाळी ढवळी घेऊन येतो. सासूबाईंना फरशीवर खुर्ची टाकून बसायला सांग.

तुझ्या लोभावरच वाढलेला,
दिगू


श्री
निपाणी, १२ फेब्रुवारी

चि. दिगू, सौ. भाग्यलक्ष्मी यांस अनेक आशीर्वाद, आणि चि. वेदिकेस गालगुच्चा.

मला पोचवून तू गेल्यावर सासूबाई कंदील घेऊन तेल शोधायच्याच बाकी होत्या. फरशीवर थेंब नाही. त्यांना जरा वाईटच वाटलंय.

बरं झालं नाव लिहून पाठवलंस. कानात सांगितलं असतंस तर मी खरंच वेडी का ऐकलं असतं, आणि व्हय म्हणून उत्तरही दिलं असतं. तुझं पत्र वाचून मी खूप रडले. एवढी वर्षं लपवून दमले होते रं. दाजींनासुद्धा सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. पुढच्या महिन्यात डॉक्टरकडं ने, पण त्यांना म्हणावं, आधी नीट पुसून बघा.

एक गोष्ट तिथं गर्दीत बोलले नाही. पाळण्यावर वाकले, तिच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, तेव्हा बायकांचा एवढा कालवा होता की माझा मलाच आवाज आला नाही. बरोबर म्हटलं की नाही, कळेना. पुन्हा एकदा सांगितलं, हळूच. तर पोरीनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

तिला ऐकू आलं, दिगू.

लोभ आहेच. आता तो ढवळीतनं वरचेवर आणत जा.

वेदिकेची,
मंगलआत्या